फळं नसलेले महिने

पुण्याहून सोलापूरकडे निघालं आणि भिगवण मागे पडलं, की इंदापूरच्या अलीकडे लोणी देवकर लागतं. उत्तरेला उजनीचा फुगवटा, महामार्गालगत एमआयडीसी, पाणी पोचलेल्या रानात ऊस आणि डाळिंब, न पोचलेल्या माळावर कुसळी. इथे विहीर खणायला घेतली तर आधी काळी माती लागते. मग चुनखडीचे खडे मिसळलेला थर, मग मुरूम आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण.

हा पाषाण म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा. वरची माती आणि नदीकाठचा गाळ त्यामानाने अगदी अलीकडचा, काही हजार ते फार तर काही लाख वर्षांचा. या दोहोंच्या मध्ये जो प्रचंड काळ गेला, त्याचा एकही थर इथे शिल्लक नाही. आणि नेमक्या त्याच काळात कपी नावाचं घराणं जन्मलं, तीन खंडांवर पसरलं आणि बहुतांश संपलं.

कपी म्हणजे बिनशेपटीचे वानरवर्गीय प्राणी. आज त्यांत गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि आपण, एवढेच उरलो आहोत. देवळाच्या शिखरावर बसलेली वानरं आणि हातातली पिशवी हिसकावणारी माकडं या घराण्यातली नाहीत, ती चुलत शाखा. इंदापूर-बारामतीच्या मातीत प्राचीन कपीचं हाड मिळणार नाही. पण म्हणून ते इकडे कधी फिरकलेच नाहीत, असं म्हणता येत नाही. गाळ साठलाच नाही तर हाड टिकणार कशात?

तरीही कपी का संपले हे समजून घ्यायला हा मुलूख सोयीचा आहे. ज्या गोष्टींनी त्यांना हरवलं, त्या सगळ्या इथे डोळ्यांसमोर आहेत : चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं, माळावरचं गवत आणि मातीतली चुनखडी.

कच्छपासून हरितल्यांगरपर्यंत

हाडांसाठी मात्र उत्तरेला जावं लागतं. वाटेत गुजरातेत, सुरतेजवळच्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासच्या प्रायमेट प्राण्यांचे जबडे मिळाले आहेत. उंदीर-खारीएवढे हे जीव कपी नव्हेत, पण ज्या मोठ्या गणातून पुढे माकडं आणि कपी आले त्या गणाचे जुने सभासद. कपींचा सर्वांत जुना पुरावा आफ्रिकेतला : टांझानियातल्या रुक्वापिथेकसचा सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचा जबडा. पुढे केनियात प्रोकॉन्सल आणि त्याचे भाऊबंद दिसतात. शेपूट नाही, पण चाल चारही पायांवर, फांद्यांच्या वरून.

साधारण १ कोटी ७० लाख ते १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अरबस्तानाचा भूभाग आशियाला चिकटून टेथिस समुद्राची वाट बंद झाली आणि कपी आफ्रिकेबाहेर पडले. तेव्हा हवा आजच्यापेक्षा उबदार होती. स्पेनपासून चीनपर्यंत सदाहरित आणि निमसदाहरित रानांचा पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात कपींच्या डझनावारी प्रजाती नांदत होत्या. फ्रान्स-स्पेनमध्ये ड्रायोपिथेकस, ग्रीसमध्ये औरानोपिथेकस, इटलीत ओरिओपिथेकस, तुर्कस्तानात अंकारापिथेकस, चीनच्या युनान प्रांतात लुफेंगपिथेकस. त्या काळात माकडं थोडी होती आणि कपी उदंड. आज नेमकं उलट आहे.

भारतातला या घराण्याचा मोठा प्रतिनिधी शिवापिथेकस. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्या आहेत. उंच पर्वतांवरून नद्यांनी आणलेला गाळ तिथे कोट्यवधी वर्षं थरावर थर साचत राहिला, म्हणून जे दख्खनवर राहिलं नाही ते तिथे राहिलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९१० मध्ये शिवापिथेकसचं नामकरण केलं. पाकिस्तानातलं पोटवार पठार, जम्मूतलं रामनगर आणि हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातलं हरितल्यांगर ही त्याची मुख्य ठिकाणं. रामनगरच्याच थरांत २०१५ मध्ये एक दाढ सापडली. पाच वर्षांच्या पडताळणीनंतर, २०२० मध्ये, ती सव्वा कोटी वर्षांहून जुन्या गिबनच्या पूर्वजाची ठरली आणि त्या प्राण्याला ‘कपी रामनगरेन्सिस’ असं नाव मिळालं. एका दाढेवर अख्खी प्रजाती उभी राहते, कारण दाताचं कवच हा शरीरातला सर्वांत टणक भाग, आणि दाढेवरचे उंचवटे प्रत्येक घराण्याचे वेगळे.

आपल्याला सर्वांत जवळचा कपी कच्छचा. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या अनसूया भंडारी आणि सहकाऱ्यांनी तापर इथल्या वरच्या जबड्याचा तुकडा २०१८ मध्ये जाहीर केला. वय १ कोटी १० लाख ते १ कोटी वर्षं, घराणं शिवापिथेकसचं. हा कपी फक्त हिमालयाच्या कुशीत राहत होता ही समजूत त्या एका तुकड्याने मोडली. त्याचा वावर निदान हजारेक किलोमीटर दक्षिणेकडे सरकला. कच्छपर्यंत आलेला प्राणी तापी-नर्मदेच्या रानांपुढे अडून राहिला असेल असं मानायला काही कारण नाही, फक्त पुरावा देणारा गाळ हवा.

रामापिथेकसचा उदय आणि अस्त

शाळेच्या पुस्तकांतून अनेक पिढ्यांनी घोकलेलं नाव शिवापिथेकस नव्हे, रामापिथेकस. मानवाच्या वंशावळीत अगदी सुरुवातीच्या पायरीवर तो ठरलेला असे. त्याची गोष्ट विज्ञान आपलंच म्हणणं कसं मागे घेतं हे दाखवणारी आहे.

येल विद्यापीठाचा तरुण संशोधक एडवर्ड लुईस याला १९३२ मध्ये हरितल्यांगर परिसरात वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. सुळे लहान असावेत, दाढांचं कवच जाड आणि दातांची रांग माणसासारखी गोलाईने वळलेली, असं त्याचं वाचन होतं. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी हाच मानवाचा आद्य पूर्वज असल्याचं मांडलं. मानवाची शाखा दीड कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली आणि तीही कदाचित भारतात, असं चित्र त्यातून उभं राहिलं. अडचण अशी, की जबड्याचा मधला भाग मिळालाच नव्हता. दोन्ही बाजू कुठे जुळतात हे अंदाजाने ठरवलं होतं आणि गोलाई त्या अंदाजातूनच आली होती.

पहिला धक्का प्रयोगशाळेतून आला. कॅलिफोर्नियातल्या व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी १९६७ मध्ये रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनांची तुलना केली. माणूस आणि चिंपांझी वेगळे होऊन जेमतेम ५० लाख वर्षं झाली, असं त्यांचं गणित सांगत होतं. मग कोटभर वर्षांपूर्वीचा रामापिथेकस मानवाचा पूर्वज होणार कसा? हाडांचे अभ्यासक बरीच वर्षं हे मानायला तयार नव्हते. पुढे पोटवार पठारावर शिवापिथेकसचा जवळजवळ अर्धा चेहरा हाती लागला, आणि १९८२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध करताना खुद्द पिलबीम यांनीच आपली जुनी भूमिका सोडली. उभट डोळ्यांच्या खोबणी, दोन डोळ्यांमधलं अगदी अरुंद अंतर, नाकाच्या तळापासून वरच्या टाळूपर्यंत सलग उतरत जाणारं हाड : चेहरा माणसाचा नव्हता, चिंपांझीचाही नव्हता. तो ओरांगउटानचा होता. लहान चणीचा, लहान सुळ्यांचा रामापिथेकस म्हणजे बहुधा शिवापिथेकसची मादी.

त्यातही एक गाठ सुटलेली नाही. चेहरा ओरांगउटानचा असला तरी शिवापिथेकसच्या दंडाचं हाड आणि कटीचं हाड तसं नाही. ओरांगउटान हातांनी लोंबकळत फिरतो. शिवापिथेकस बहुधा फांदीवरून चार पायांनी चालत असे. एकाच शरीराचा एक भाग एका नातलगाकडे बोट दाखवतो, दुसरा दुसरीकडे.

चुनखडीची साक्ष

शिवालिकच्या थरांत शिवापिथेकस साधारण सव्वा कोटी वर्षांपासून दिसतो, आणि ८५ लाख वर्षांच्या आसपास बहुतेक ठिकाणांहून दिसेनासा होतो. युरोपातले बहुतेक कपी त्याआधीच, ९६ लाख वर्षांच्या सुमारास, झपाट्याने गेले. काय बदललं होतं?

याचं उत्तर ज्या पदार्थातून मिळालं तो इंदापूरच्या शेतकऱ्याला नकोसा आहे. चुनखडीच्या जमिनीत उसाला लोह मिळत नाही, पानं पिवळीपांढरी होतात, पीक ‘केवडा पडतं’. ही चुनखडी तयार कशी होते? पावसाचं पाणी मातीतलं कॅल्शियम विरघळवतं, मुळांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड मिसळतो, आणि कोरड्या महिन्यांत पाणी उडून गेलं की कॅल्शियम कार्बोनेटचे खडे मागे राहतात. म्हणजे वर उगवलेल्या वनस्पतीच्या कार्बनची नोंद त्या खड्यात पक्की होते.

वनस्पती हवेतला कार्बन दोन मुख्य रीतींनी घेतात. जवळजवळ सगळी झाडं, गहू, हरभरा, भात ही एका रीतीची : सी-थ्री. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि माळावरचं पवन्या, मारवेल, कुसळी हे दुसऱ्या रीतीचं : सी-फोर. कडक ऊन, उष्णता आणि हवेत कमी कार्बन डायऑक्साइड असताना सी-फोर गवत वरचढ ठरतं. दुसऱ्या रीतीत कार्बनचा जड प्रकार, कार्बन-१३, थोडा जास्त शिल्लक राहतो. त्यामुळे लाखो वर्षांपूर्वीचा चुनखडीचा खडा तपासला तरी तिथे रान होतं की गवत, ते कळतं.

जे क्वेड आणि थ्युर सर्लिंग यांनी १९८९ मध्ये पोटवारच्या प्राचीन मातीतले असे खडे तपासले. कोट्यवधी वर्षं झाडांचीच खूण दिसत होती. ८० ते ७० लाख वर्षांच्या दरम्यान ती भराभर बदलली आणि गवताची झाली. आज दख्खनच्या माळापासून सेरेंगेटीपर्यंत जी गवताळ भूमी दिसते, तिचा विस्तार त्या सुमारास सुरू झाला.

गवत आलं आणि कपी गेले, असं सरळ सांगून मोकळं होता आलं असतं. पण तारखा जुळत नाहीत. शिवापिथेकस गवत पूर्ण पसरण्याच्या आधीच नाहीसा होतो. शेरी नेल्सन यांनी शिवालिकच्या प्राण्यांच्या दातांतला कार्बन आणि ऑक्सिजन तपासून मांडलं, की बदल आधी पावसाच्या वाटणीत झाला. हवा कोरडी होत गेली, ओला हंगाम आणि कोरडा हंगाम यांतला फरक तीव्र झाला, रानाला भगदाडं पडू लागली. त्याच फटींतून पुढे गवत शिरलं. कपीला गवताने मारलं नाही. त्याला हंगामाने मारलं आणि रिकाम्या जागेवर गवत बसलं.

पाऊसमानाचं हे कोडं इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. तालुक्याची वार्षिक सरासरी भरल्याचं सरकारी पत्रक येतं आणि तरी पीक जळालेलं असतं, कारण मध्ये पाच आठवड्यांचा खंड पडलेला असतो. पीक सरासरीवर जगत नाही. कपीही जगत नव्हता.

फळ खाणाऱ्याची अडचण

बारमाही ओल्या रानात कुठलं ना कुठलं झाड फळलेलं असतं. हंगामी रानात करवंदं, आंबे, जांभळं एकदम येतात आणि एकदम संपतात. दोन महिने चंगळ, मग टंचाई. उंबर, वड, पिंपळ यांच्या कुळातली झाडं वेगवेगळ्या वेळी फळतात म्हणून ती रानाचा आधार, पण रान तुटक झालं की एका उंबरापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर वाढतं. मोठ्या अंगाच्या, पिकलेल्या फळांवर जगणाऱ्या, जमिनीवर उतरायला बिचकणाऱ्या प्राण्याला ते परवडत नाही.

माकडं याच काळाच्या आगेमागे आशियात पसरू लागली. शिवालिकमध्ये त्यांची हाडं साधारण ८० लाख वर्षांच्या थरांपासून मिळतात. त्यांच्या दाढांवर आडव्या धारा असतात, पानं चिरायला सोयीच्या. आपल्या वानराच्या पोटात तर पानं आंबवणारे कप्पे आहेत, त्यामुळे कच्चा पाला आणि कोवळ्या शेंगा त्याला पचतात. शिवाय मादी वर्षा-दोन वर्षांत पुन्हा विते, म्हणून दुष्काळात निम्मा कळप गेला तरी काही वर्षांत भरून येतो. ओरांगउटानच्या मादीला मात्र दोन पिलांमध्ये सात-आठ वर्षं लागतात. अशा प्राण्याच्या वाट्याला लागोपाठ वाईट वर्षं आली, की हिशेब कायमचा चुकतो.

टंचाईत कपीच्या शरीराचं काय होतं, तेही जवळून पाहिलं गेलं आहे. शेरिल नॉट यांनी बोर्निओतल्या गुनुंग पालुंग अरण्यात ओरांगउटानच्या मागे फिरून झाडाखाली त्यांची लघवी गोळा केली आणि मधुमेही रुग्ण वापरतात तशा पट्ट्यांनी ती तपासली. फळांच्या महिन्यांत त्यात कीटोन नव्हते. फळं संपली, साल आणि पाल्यावर दिवस काढायची वेळ आली, तेव्हा कीटोन दिसू लागले. प्राणी आपलीच चरबी जाळून जगत होता. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

चरबी साठवण्याची ही कला कदाचित त्याच प्राचीन टंचाईतून आली. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक आम्ल मोडणारं युरिकेज नावाचं विकर असतं. मोठ्या कपींत आणि माणसात त्याचं जनुक दीड कोटी वर्षांच्या आसपास निकामी झालं. रिचर्ड जॉन्सन आणि पीटर अँड्र्यूज यांचं म्हणणं असं, की त्यामुळे फळातल्या फ्रुक्टोजचं चरबीत रूपांतर सोपं झालं आणि फळं नसलेले महिने निभावले. हे अजून गृहीतकच आहे, सर्वमान्य नाही. खरं असेल तर मात्र गंमत आहे. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोजचा. उसाच्या पट्ट्यात बारा महिने गोड चहा पिणाऱ्याचं शरीर अजून टंचाईच्या तयारीत साठा करत बसलं आहे, आणि टंचाई काही येत नाही. युरिक आम्ल वाढून पायाचा अंगठा सुजतो, तेव्हा त्याची फिर्याद एवढी जुनी असू शकते.

सर्वांत मोठा कपी

टिकण्याचा एक मार्ग म्हणजे अंग वाढवणं. हरितल्यांगरच्या एका शेतकऱ्याला सापडलेला भलामोठा जबडा १९६८ मध्ये अभ्यासकांच्या हाती आला. तो इंडोपिथेकसचा, वय साधारण ८५ लाख वर्षं. त्याहून प्रसिद्ध महाकाय कपी चीनचा. हाँगकाँगच्या औषधी दुकानांत ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्राचीन दातांत राल्फ फॉन कोनिग्सवाल्ड यांना १९३५ मध्ये एक अवाढव्य दाढ दिसली. त्यावरून त्यांनी जायगँटोपिथेकस हे नाव दिलं. आजवर त्याचे चार अर्धवट जबडे आणि दोनेक हजार दात मिळाले आहेत, बाकी सांगाडा नाही. उंची ३ मीटर आणि वजन २०० ते ३०० किलो हे त्यावरचे अंदाज. दाताच्या कवचात टिकलेल्या प्रथिनांवरून २०१९ मध्ये एवढं पक्कं झालं, की तो ओरांगउटानचाच भाऊबंद, साधारण १ कोटी २० लाख ते १ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झालेला.

हिमयुगांतून निभावलेला हा प्राणी २ लाख ९५ हजार ते २ लाख १५ हजार वर्षांपूर्वी संपला. दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतातल्या २२ गुहांचा अभ्यास करून यिंगची झांग, किरा वेस्टअवे आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये हा काळ निश्चित केला. कारणही ओळखीचंच होतं. हंगाम तीव्र झाले, दाट रान विरळ झालं, फळं आटली. त्याच रानातला ओरांगउटान अंगाने लहान आणि चपळ झाला, खाणं बदलत गेला. जायगँटोपिथेकस साल-काटक्यांसारख्या निकस चाऱ्यावर अडून राहिला. त्याच्या शेवटच्या काळातल्या दातांवर दीर्घकाळच्या उपासमारीच्या खुणा आहेत. ओरांगउटानही पुढे चीनमधून गेला, पण दक्षिणेच्या ओल्या बेटांवर तगला.

कऱ्हाकाठचा कपी

बारामती तालुक्यात कऱ्हा नदीच्या काठी मोरगाव आहे. मयूरेश्वरामुळे ते सगळ्यांना ठाऊक, पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना मात्र दुसऱ्या कारणाने. तिथल्या गाळात बेसाल्टच्या हातकुऱ्हाडी आणि फरशा मिळतात, आणि ज्वालामुखीच्या राखेचा थरही. डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा, सुषमा देव, शरद राजगुरू आणि सहकाऱ्यांनी २००० ते २००७ या काळात तिथे उत्खनन केलं. अवजारांच्या वयाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक ती सात-आठ लाख वर्षांहून जुनी मानतात. राख आली सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून, हजारो किलोमीटरवरून.

म्हणजे कपी अखेर इथे आलाच. फक्त तो दोन पायांवर चालत, हातात दगड घेऊन, आणि रान सोडून माळावर. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ पट्ट्यात आज चिंकारा आणि लांडगे दिसतात, तशाच उघड्या मुलखात त्याने संसार केला. कपींना नडलेली टंचाई त्याने शरीराने नव्हे, अवजाराने आणि पुढे साठ्याने सोडवली. फळ नसेल तर मांस, कंद, मज्जा. आणि खूप नंतर, गवताचंच बी पेरून, पेवात आणि कणगीत भरून ठेवणं. ज्वारीची भाकरी खाणारा माणूस हा सी-फोर गवतावर जगणारा कपी आहे. शिवापिथेकसला जे जमलं नाही ते हेच.

बाकीच्या कपींची अडचण मात्र संपलेली नाही. सुमात्रातल्या त्याच टोबाच्या सरोवराच्या दक्षिणेला बातांग तोरूच्या डोंगराळ रानात तापानुली ओरांगउटान राहतो. वेगळी प्रजाती म्हणून त्याची ओळख २०१७ मध्ये पटली, आणि त्यांची संख्या ८०० हूनही कमी आहे. जलविद्युत प्रकल्प आणि सोन्याच्या खाणीने त्याचं रान कुरतडलं आहे. भारतात माणूस सोडला तर कपी उरला तो ईशान्येतला हुलॉक गिबन. आसामच्या जोरहाट जिल्ह्यातलं होलोंगापार अभयारण्य त्याच्यासाठी राखलेलं, पण चहाच्या मळ्यांनी वेढलेलं. त्यांच्यासाठी किती हेक्टर रान राखलं, हा आकडा अहवालात छान दिसतो. कपींचा इतिहास वेगळा प्रश्न विचारायला लावतो : वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात त्या रानात खायला काय असतं? उंबराची चार जुनी झाडं तोडली तर नकाशावरचं हिरवं क्षेत्र तेवढंच राहतं, आणि त्या एका महिन्यासाठी रान रिकामं होतं. प्रजाती संपायला तेवढं पुरतं, हे शिवालिकच्या थरांत आणि ग्वांगशीच्या गुहांत दोनदा दिसलं आहे.